'निरोगी माणूस' या पदाचा राजीनामा

प्रति,
माननीय प्राचार्या श्रीमती अलका साबणे,
कावेरीतीर मराठी मंडळी परिचर्या विद्यालय,
यशवंतपूर, बेंगळूरु.

अर्जदार : हयवदन राव, निवृत्त आवक-जावक लिपिक, राहणार के. आर. पुरम. वय ७२ (विद्यालयाच्या दप्तरी ६१).

विषय : अर्जदारास 'निरोगी माणूस' या पदावरून कमी करण्याबाबत, व त्याच्यामुळे नापास झालेल्या विद्यार्थिनीस उत्तीर्ण करण्याबाबत.

संदर्भ : १) शारीरिक तपासणी कौशल्याची प्रात्यक्षिक परीक्षा, दि. २ फेब्रुवारी २०२६. २) सूचनाफलकावरील निकाल, दि. ९ फेब्रुवारी २०२६.

महोदया,

१. विद्यालय चालवणाऱ्या मराठी मंडळींच्या घटनेत मराठीत आलेल्या अर्जाला सात दिवसांत उत्तर देण्याचे कलम आहे. कानडी व इंग्रजी अर्जांना कसलीच मुदत नाही. सबब अर्जदाराने मराठी निवडले आहे. अर्जदाराच्या घराण्याचे मराठी साडेतीनशे वर्षे इकडचे पाणी प्यालेले असून त्यात 'सरी' (बरं) आणि 'स्वल्प' (जरा) हे कानडी शब्द कुठून शिरतात ते त्याचे त्यालाही कळत नाही. म्हणून पुण्याकडची सून यशश्री हिने हा मजकूर लाल पेनाने तपासला आहे. 'सबब' काढून टाका असे तिने सुचवले होते. छत्तीस वर्षे आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला ते मानवले नाही.

२. प्रथम वर्षाच्या परीक्षेत खाटेवर एक निरोगी माणूस निजवतात, हे आपण जाणताच. विद्यार्थ्याने त्याला आधी डोळ्यांनी नीट पाहायचे, मग चाचपायचे, बोटांनी ठोकून आवाज घ्यायचा, मग नळी लावून ऐकायचे. पोटाची गोष्ट वेगळी. ते आधी ऐकायचे आणि मग दाबायचे, नाहीतर आतले आवाज बदलतात. जे सापडेल ते कागदावर लिहायचे. परीक्षकांच्या हाती उत्तरांचा कागद असतोच. हा निरोगी माणूस म्हणजे अर्जदार होय. अकरा वर्षांपूर्वी त्याची या पदावर निवड झाली तेव्हा डॉक्टरांनी त्याला पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत तपासून उत्तरांचा कागद तयार केला : वय ६१, नाडी मिनिटाला ७२, नियमित. तोच कागद दरवर्षी झेरॉक्स होत आला. त्यामुळे विद्यालयाच्या हिशेबी अर्जदार एका दिवसानेही म्हातारा झालेला नाही, आणि खरे सांगायचे तर त्यालाही हे फार आवडत होते.

३. आता गुन्ह्याकडे येतो. अर्जदार पडला मऊ मनाचा. थरथरत्या हाताची लेकरे समोर आली की त्याला राहवत नसे. कोणी ऐकण्याआधी पोट दाबायला निघाले की अर्जदार पोट आत ओढून घेई आणि नळीकडे डोळे वळवी. कोणी यकृत डावीकडे शोधू लागले की तो उजव्या कुशीला खाजवी. आणि नाडी मोजताना कोणी घड्याळात हरवले की तो ओठ न हलवता पुटपुटे, "बहात्तर. नियमित." ही कला त्याला साहेबांच्या खोलीत छत्तीस वर्षे उभे राहून साधली होती. अकरा वर्षांत सुमारे साडेचारशे विद्यार्थी या खाटेवरून उत्तीर्ण होऊन गेले. नाडीच्या प्रश्नात कोणाचाही अर्धा गुण कापला गेला नाही. दर वर्षी मिळणारे आभारपत्र अर्जदाराने चौकटीत घालून दिवाणखान्यात लावले. त्याची पत्नी विमला त्या भिंतीला 'यांच्या तब्येतीचे देऊळ' म्हणते.

४. दि. २ रोजी सकाळी कु. हर्षिता ही विद्यार्थिनी समोर आली. ही मुलगी आनेकलहून पहाटेच्या बसने येते. आई तिकडेच कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते, आणि घरात शिकणारी ही पहिलीच. तिने अर्जदाराचे जन्मसाल विचारून घेतले, हात चोळून ऊब आणली, "अण्णा, हात लावू का?" असे विचारले आणि मनगट धरले. अर्जदाराने रिवाजाप्रमाणे उत्तर पुटपुटले. ती म्हणाली, "अण्णा, स्वल्प गप्प बसा. माझी मोजणी चुकते." अकरा वर्षांत अर्जदाराला असे कोणी बोलले नव्हते. त्याला रागच आला. तिने पूर्ण एक मिनिट मनगट धरले. मग नळी लावून पूर्ण एक मिनिट छाती ऐकली. मग पुन्हा मनगट. परीक्षक गुरुदत्त सर वेळ संपत आल्याची घंटी वाजवत होते, तरी बाई जागची हलली नाही. तिने लिहिले : वय ७२. छातीत ठोके ७४, मनगटावर ६६, लय अनियमित.

५. जाता जाता ती हळूच म्हणाली, "अण्णा, डॉक्टरांना दाखवा. छातीतले सगळे ठोके हातापर्यंत येत नाहीत." अर्जदाराने ही गोष्ट जेवताना विनोद म्हणून सांगितली. कोणी हसले नाही. तिसऱ्या दिवशी विमलेने ऑटो बोलावला.

६. हृदयाच्या रुग्णालयात जे घडले ते लिहिताना अर्जदाराची मान खाली जाते. दारातल्या टेबलाशी नाडी-रक्तदाब पाहायला बसलेला तरुण परिचारक अर्जदाराला पाहताच उठून पाया पडला. तो आपल्याच विद्यालयाचा, चार वर्षांपूर्वीचा प्रणीत. "अण्णा, तुम्ही इथे? तुम्हाला काय धाड भरलीय?" असे म्हणत त्याने अर्जदाराचे मनगट दोन बोटांत धरले, घरच्यांची चौकशी केली आणि कागदावर लिहिले : ७२, नियमित. पेरावे तसे उगवते हे अर्जदाराने पुष्कळदा ऐकले होते, परंतु पीक असे स्वतःच्याच मनगटावर येईल असे त्याला वाटले नव्हते. पाचच मिनिटांनी ईसीजी यंत्राच्या कागदी पट्टीने सगळे उघडे पाडले. हृदयाची लय बिघडलेली आहे, बऱ्याच दिवसांपासून असावी, आणि असेच हिंडत राहिला असता तर एखाद्या सकाळी अर्धांग घेऊन उठला असता, असे डॉक्टर म्हणाले. अर्जदाराने प्रणीतला पुन्हा मोजायला लावले, आणि या खेपेस स्वतःचे तोंड बंद ठेवले. पोरगा मोजता मोजता पांढराफटक पडला.

७. दि. ९ रोजी अर्जदार फलक पाहायला आला. नाडी हा अनिवार्य प्रश्न असून तो चुकल्यास बाकी सारे बरोबर असले तरी विद्यार्थी नापास, असा नियम आहे. त्या नियमाने आख्ख्या वर्गात एकटी हर्षिता नापास आहे. वयही चुकले म्हणून अर्धा गुण वेगळा कापला आहे. अर्जदाराचे वय बहात्तर आहे हे त्याची आई असती तर तीही शपथेवर सांगती. या निकालामुळे तिची तुकडी सोमवारी वॉर्डात रुजू होईल आणि ती सहा महिने मागे राहील. दुसरीकडे, अर्जदाराने सांगितलेला आकडा ज्यांनी इमानेइतबारे उतरवून काढला ते सगळे पास आहेत. गुरुदत्त सरांचा यात दोष नाही. त्यांनी कागद पाहिला. माणूस पाहायचे काम परीक्षार्थीचे होते, आणि तिने ते केले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? अर्जदार मनगटासह हजर आहे, कधीही मोजून घ्यावे.

८. सबब नम्र विनंती की,
(अ) अर्जदारास निरोगी या पदावरून तात्काळ कमी करावे व तो निरोगी नसल्याचे विद्यालयाच्या शिक्क्यानिशी जाहीर करावे;
(आ) कु. हर्षिता हिचे उत्तर बरोबर व विद्यालयाचे उत्तर चूक असे मानून तिला उत्तीर्ण करावे;
(इ) साडेचारशे माजी विद्यार्थ्यांना एका ओळीचे पत्र पाठवावे : 'मोजा.' टपालाच्या पाकिटांवर पत्ते घालण्यास अर्जदार तयार आहे, त्याचे अक्षर अजून नियमित आहे;
(ई) नव्या निरोगी माणसाची नेमणूक करताना तो मुका असल्यास प्राधान्य द्यावे.

९. सूनबाईच्या मते अर्ज इथेच संपायला हवा होता. परंतु एक गोष्ट दडवून न्याय मागणे बरे नव्हे. घटनेप्रमाणे आपल्याला सात दिवस आहेत. अर्जदाराला चारच आहेत. औषधाचे माप बसवण्यासाठी डॉक्टरांनी त्याला सोमवारी तीन दिवसांकरिता दाखल व्हायला सांगितले आहे. वॉर्ड तोच, जिथे आपली नवी तुकडी रुजू होणार. तिथे दर चार तासांनी कोणीतरी येऊन त्याचा हात धरेल आणि कागदावर आकडा लिहील, आणि डॉक्टर त्या आकड्यावर गोळी वाढवतील किंवा कमी करतील. येणाऱ्या प्रत्येकाला अर्जदार ओळखतो. प्रत्येकाला त्याने शिकवले आहे. विमलेला त्याने सांगितलेले नाही, पण महोदया, अर्जदार फार घाबरला आहे. कृपा करून त्या मुलीला सोमवारी पाठवा.

आपला नम्र, आणि आता रीतसर आजारी,

(सही)
हयवदन राव
बेंगळूरु, दि. १२ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) यंत्राच्या कागदी पट्टीची छायाप्रत.
२) जन्मदाखल्याची छायाप्रत.
३) आभारपत्रे, मूळ प्रती, एकूण अकरा, चौकटींसह परत. भिंतीवर डाग राहिले आहेत, त्याबद्दल विमलेची वेगळी तक्रार आहे.