पंख तेच होते

शनिवार, कावासाकी

उजव्या तळहाताला चार टाके पडलेत. डाव्या हाताने लिहितोय.

आज वॉर्डाच्या सभागृहात मी बोललो, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बरच्या आराखड्यांवरून पुढे प्रवासी विमानं कशी बनली त्यावर. अशा एका बॉम्बरचं माझं पत्र्याचं मॉडेल दाखवत म्हणालो, "पंख तेच, शेपटी तीच. फक्त बॉम्बच्या जागी माणसं बसली." लोक हसले.

आमचे शेजारी मोरी-सान उठले. वय सत्त्याऐंशी. मॉडेलवर काठीने घाव घालत सुटले. पंख मोडले तरी थांबेनात. मी हात मध्ये घातला आणि मोडका पंख तळहातात घुसला. टेबलभर रक्त.

"या पंखांखाली माझी बहीण जळाली," ते म्हणाले. "तिचे केस पेटलेले मी पाहिलेत."

संयोजक पोलिसांना बोलावणार होते, मी नको म्हणालो. मोठेपणा नव्हे, राग अजून आहे. पण माणसं बसल्याचं ते वाक्य मी हशासाठीच टाकलं होतं ना?

संध्याकाळी मोरी-सान दारात आले आणि माफीसाठी कमरेत वाकून उभे राहिले. मी बहिणीचं नाव विचारलं.

"हारुको. चार वर्षांची होती." तसेच वाकून ते म्हणाले, "मी तिचा हात सोडून पळालो."