सान्यांगांच्या लग्नात कोऱ्याने केलेला गोल

ब्रिकामा,
बुधवार, जेवणानंतर

आदरणीय सारजोआत्या,

तुमचा पुतण्या दाउदा याचा सलाम. घरी सुखशांती आहे ना? गुडघे शांत आहेत ना? शेळ्या? शेजारीण? (ती शांत नसणार, पण विचारायची रीत आहे.) इकडे सगळे सुखरूप आहेत, मालांगकाकांसकट. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला शंका येईल.

आमच्याबद्दल काहीबाही एव्हाना तुमच्या बासे गावापर्यंत पोचलंच असेल. तर हो, आजोबांच्या एकवीस तारांच्या वाद्याला, त्या कोऱ्याला, मी भोक पाडलं. पण आत्या, त्या भोपळ्याला आवाज बाहेर पडायला एक भोक पहिल्यापासून होतंच. मी फक्त दुसरं पाडलं, स्पीकरची वायर आत जायला. काकांना हा युक्तिवाद पटला नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोलेनात. जे सांगायचं ते मला ऐकू येईल अशा बेताने कोंबड्यांना सांगत. "आपण जाली लोकांनी इतक्या राजांच्या कुळकथा गायल्या, तेव्हा कुणाच्या भोपळ्यात वीज होती गं?" कोंबड्या दाणे टिपत राहिल्या. शेवटी कोंबड्यांमार्फतच ठरलं, की गुंजुरच्या सान्यांगांकडे लग्न आहे, तिथे मी हा विजेचा कोरा वाजवायचा. घराण्याची शोभा झाली तर कोरा काढून घेणार आणि मला शिंप्याकडे काजं करायला बसवणार.

लग्नाला तीनशे माणसं. स्पीकर लावायला तिदा होती (बाजारात रेडिओ दुरुस्त करतात त्या कांतेह लोहारांची मुलगी). मी आधी जुनी चाल धरली, मग तिच्याखाली यंत्राचा ठोका सोडला. मुली उठल्या. मग त्यांच्या आज्या उठल्या. पुढच्या रांगेत काकांचा पाय हलला (ते म्हणतात मुंगी चावली). मला इतका जोर चढला की मी सरळ सान्यांगांच्या मूळपुरुषाची कथाच घेतली. तो भाला उगारून शत्रूच्या किल्ल्यासमोर एकटा उभा राहतो, तिथे मी, तुम्ही शिकवलंत तशी, एकवीसही तारा थांबवून एका श्वासाची जागा सोडली. त्या शांततेत कोरा आपणहून बोलला, "आणि डावीकडून तो एकटाच घुसलाय!"

आत्या, फुटबॉलचा सामना! त्या वायरीने कुठलंतरी रेडिओ स्टेशन पकडलं होतं. तीनशे माणसं दगडासारखी थिजली. नवरीच्या वडिलांचा चेहरा मला बघवेना. तिदा रांगत माझ्यापर्यंत आली आणि कुजबुजली, "बंद करू का रे? लवकर बोल!" माझ्या तर डोळ्यांपुढे काजं दिसायला लागली.

तेवढ्यात काका उठले. मला वाटलं, आता कोरा हिसकावणार. त्यांनी हात वर केला आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "एकटाच घुसला! सान्यांग कधी कुणाची वाट बघतात काय?" कोरा म्हणाला, "दोघांना चकवलं!" काका म्हणाले, "दोघांना! तिसरा तर आईला हाका मारत पळाला!" माझी बोटं केव्हा चालू झाली मला कळलं नाही. काका गात होते, मी वाजवत होतो, यंत्र ठोका देत होतं, आणि सामन्याचं वर्णन करणारा तो भला माणूस घसा फोडत होता. शेवटी कोरा "गोऽऽल!" ओरडला, काका "किल्ला पडला!" म्हणून गरजले आणि सगळा मांडव नाचायला उठला. नवरीच्या वडिलांनी अंगातला भरजरी झगा काढून काकांच्या खांद्यावर घातला आणि स्वतः बनियनवर नाचले. मला हसू आवरेना आणि रडूही. (नंतर कळलं, तो गोल पंचांनी नाकारला. किल्ल्याचं काय झालं यावर काका बोलायला तयार नाहीत.)

परतताना गाडीत काकांनी कोरा स्वतःच्या मांडीवर घेतला. वायरीचं भोक बोटाने चाचपलं. मग माझ्याशी थेट, मध्ये एकही कोंबडी न घेता, म्हणाले, "काय रे, त्या स्टेशनवर रोज सामने असतात का?"

तर असं आहे. प्रकृतीला जपा. शेजारणीलाही सलाम सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
दाउदा

ता. क. हे सगळं लिहिलं ते एका कामासाठी. मला आणि तिदाला लग्न करायचंय. ती जालींच्या घरातली नाही, त्यामुळे काकांपुढे तोंड उघडायची माझी हिंमत नाही. ते जगात फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीला भितात. तेव्हा लगेच निघा आणि काकांना घेऊन कांतेहांकडे मागणीची कोलाची फळं घेऊन जा. दुसरं कुणी मला तारणार नाही.

आणखी ता. क. मी चहा करायला उठलो तेवढ्यात काकांनी पत्र वाचलं. म्हणतात, कोला सोमवारीच पोचला, कांतेहांनी खाल्लाही, तारीखसुद्धा ठरली. मला सांगायचं तेवढं राहून गेलं! आता भांडण वेगळंच आहे. ते म्हणतात लग्नात मी गाणार, मी म्हणतो नवरा मी आहे तर मी गाणार. एवढ्यात आलेली तिदा म्हणाली, "सारजोआत्या गायला उभ्या राहिल्यावर तुम्हा दोघांना कोण विचारतंय?" तेव्हा आत्या, गळा सांभाळून या. वाटेत बर्फाचं पाणी पिऊ नका.