नाहनच्या वाळूच्या बाटल्या

१३ ऑक्टोबर १९५६, दाना ओली

"डोंगर कधी उठला हे डोंगराला नाही, त्याच्या पायथ्याच्या वाळूला विचारायचं" – हिमालयाच्या पायथ्याच्या नाहनहून पहिल्यांदा आला तेव्हा दादा म्हणाला होता. तेव्हा मी विशीत होते. तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्याच्यासाठी कण निवडते आहे. तो काचेवर वाळू पसरून देतो. कुठल्या थराची ते सांगत नाही – माझं मन झुकू नये म्हणून. कायनाइट हे खनिज जमिनीच्या फार खोल पोटात तयार होतं. ज्या थरात ते पहिल्यांदा सापडेल, त्या काळापर्यंत डोंगर इतका उठला होता की त्याचं पोटच झिजून नदीत येऊ लागलं होतं. म्हणजे थरांचा क्रम हेच सगळं!

तो क्रम आज धुतला गेला. दादाच्या भूगर्भ खात्याच्या कचेरीत खंडेनवमीची पूजा. इंदूरहून आलेल्या हेडक्लार्क महिपतरावांनी हत्यारांबरोबर वाळूच्या बाटल्याही घासूनपुसून मांडल्या. थरांच्या चिठ्ठ्या भिजवून काढलेल्या. वर झेंडू!

"ताई, मळक्या चिठ्ठ्यांसकट पूजा कशी करायची? आणि आहे तर रेतीच ना!"

शिसारी आली. प्रसाद तोंडात घालवेना.

१५ ऑक्टोबर

संस्थानांच्या विलीनीकरणात इंदूरवाले वर गेले, दादा खाली. आता नवं राज्य होणार, सगळी कचेरी भोपाळला. डोंगराच्या वयावरचा त्याचा निबंध छापून आला तरच तिथे बरी जागा. बिचारा!

२२ ऑक्टोबर

दादा नव्या चिठ्ठ्या चिकटवतोय. कायनाइट नाही ती बाटली खालच्या थराची. आहे ती वरच्या थराची.

"अरे, हे तर आधी उत्तर लिहून मग गणित मांडणं झालं!"

"शामे, तू तुझ्या गोष्टी लिही."

खळीने बरबटलेल्या त्याच हातांनी माझ्या ताटात पोळी वाढली. सख्ख्या भावाची किळस यावी? आली.

२४ ऑक्टोबर

थाटीपुरला घरी जाऊन महिपतरावांना तोंडाला येईल ते बोलून आले. बरं वाटलं.

२ नोव्हेंबर

काल नवं राज्य झालं. आज दिवाळीचा फराळ करताना दादा सहज म्हणाला, "महिपतरावांना उगाच बोललीस. बाटल्या धुवायला मीच सांगितलं होतं. सर्वांत खालच्या थरात तू कायनाइट काढलंस ना – डोंगर उठल्याची माझी तारीख चुकत होती."

म्हणजे डोंगर आधीच उठला होता! आणि ते मी पाहिलं होतं.

दिवे लागायच्या आधी त्याला म्हणणार आहे – निबंध पाठवू नकोस. चल नाहनला, पुन्हा तळापासून. वाळूच्या पिशव्या मी उचलीन.

नाहीच म्हणेल.