अण्णांचा कोट आणि चंपी

१७ ऑगस्ट
आज कुत्रा काढला. निदान काढायचा कुत्राच होता. अनिल चहा घेऊन आला, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "अस्वल छान आहे." नवरा म्हणून माणसाची काही जबाबदारी असते.

चूक कळली. फोटोत पोटाखालची सावली काळी दिसते म्हणून मी सरळ काळा रंग फासला. चित्रकलेच्या क्लासच्या सुशीलाभाभी म्हणाल्या, "फोटो झूठ बोलतो, मॅडम. सावलीत बी रंग असतो. जाऊन खरा कुत्रा बघा." क्लास मस्तगडात, तिथे खऱ्या कुत्र्यांना तोटा नाही. येताना बघत बघत आले. एकाने मलाही बघितलं, मग मात्र रिक्षा केली.

२४ ऑगस्ट
खाली भाभींच्या घरचं कापडाचं दुकान, वरच्या खोलीत आमचा क्लास. आम्ही चार बायका, पाण्याच्या बरण्या आणि भाभींचा आवाज. त्यांचा नियम: आधी जनावर, मग माणूस. "बकरी कधी म्हणत नाही, की माझं नाक असं नाहीये."

आज सांगून टाकलं. मला एकच माणूस काढायचा आहे. १४ डिसेंबरला अण्णांना जाऊन वर्ष होईल, गावी स्मृतिदिन आहे. तिथे माझ्या हातचे अण्णा ठेवायचे आहेत. आईने बघितल्याबरोबर ओळखले पाहिजेत. एवढंच हवंय मला.
भाभी: "बराबर. तर मंग आज मांजर काढा."

७ सप्टेंबर
मांजर पास. अनिलने "मांजर?" असं विचारलं, पण मांजरच म्हणाला.

अण्णांचा फोटो क्लासला न्यायची परवानगी मिळाली. त्यांचा एकट्याचा धड फोटो एकच आहे, ते गेल्यावर दादाने भोकरदनला स्टुडिओत मोठा करून घेतलेला. स्टुडिओवाल्याने काय काय दिलंय: निळा कोट, लाल टाय, मागे धबधबा. रंग तर इतका गोरा की पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची फ्रेम आली. अण्णा शाळेत शिपाई होते, उभ्या जन्मात कोट घातला नाही. मला त्या कोटाचा राग येतो. दादाला म्हटलं तर म्हणतो, "काय वाईट हाय? साहेब दिसतेत."

मान थोडी डावीकडे कललेली. भेटायला आलेला जो तो म्हणायचा, बघा, कसे चिंतनात बसलेत.

१४ सप्टेंबर
चौकोन आखून अण्णा पेन्सिलीने उतरवले. भाभींनी कागद खिडकीशी नेला. मग मानेवर बोट ठेवलं. "हे चिंतन नाही. विचार करणाऱ्याचा खांदा ढिला असतो. ह्यांना कुणीतरी खेचून राह्यलंय. आणि ओठ बघा, हसू दाबलंय."

नऊ महिने हार घालतोय आम्ही त्या फोटोला. कुणाला दिसलं नाही. मलाही.

दादाला फोन केला, मूळ फोटो पाठव. आला. तोच, धबधब्यासकट.
"अरे मूळ. स्टुडिओत द्यायच्या आधीचा."
"हाच हाय की. क्लिअर हाय ना हा."
ग्रामसेवक आहे आमचा दादा. गावाचे कागद याच्याकडे असतात.

२८ सप्टेंबर
सहामाहीचे पेपर तपासतेय. भूमितीच्या आकृत्या बघून वाटलं, या पोरांना भाभींकडे पाठवावं. क्लास बुडाला.

५ ऑक्टोबर
म्हैस. शिंगं उत्तम. बाकीची म्हैस पाण्यात वाहून गेली, पाणी फार झालं. भाभी म्हणतात, मला धीर नाही, ओल्यावर ओलं लावते. "जल्दी काय आहे? वाळू द्या." आईही पापड घालताना हेच म्हणायची मला.

२ नोव्हेंबर, गावी
सुट्टीत आले. दादाचा जुना फोन कपाटात सापडला, काच तडकलेली. चार्जिंगला लावून बसले. मूळ फोटो मिळाला.

अण्णा अंगणात उकिडवे बसलेत. बनियन, खांद्यावर रुमाल. आणि चंपीने, आमच्या फाटक्या कानाच्या शेळीने, रुमालाचं टोक तोंडात धरून ओढलंय. म्हणून मान कललेली. हसू येतंय पण फोटो काढतायत म्हणून दाबलंय. अगदी अण्णा. तोच सावळा रंग, कपाळावर ऊन.
स्टुडिओवाल्याने चंपी कापली, रुमाल पुसला आणि चिंतन तेवढं ठेवलं. मी एकटीच खोलीत हसत बसले. मग रडूही आलं. आई आत आली, "काहून गं?" म्हणाली. काही नाही म्हटलं. तिला चित्रच दाखवायचंय, फोटो नाही. चंपी बाहेर गोठ्यात बांधलेली, तिला जाऊन भाकरी दिली.

३ नोव्हेंबर, गावी
भांडण. दादाला म्हटलं, मी या फोटोवरून चित्र काढणार, स्मृतिदिनाला तेच ठेवू.
"बनियनवर? भन्तेजी येतेत, पंचायत समितीचे लोक येतेत. बापाला बनियनवर बसवू सगळ्यांसमोर?"
"बसायचेच ते बनियनवर."
"घरात. लोकांसमोर न्हाई."
मी म्हटलं, तुला लाज वाटते का अण्णांची. हे बोलायला नको होतं. चहा तसाच ठेवून उठला. निघाले तेव्हा स्टँडवर सोडायला आला, पिशवी गाडीत चढवून दिली. खिडकीतून शेंगांची पुडी दिली तेवढी.

१६ नोव्हेंबर
चंपी एका बैठकीत झाली. डोळ्यातली आडवी बाहुली, फाटका कान, सगळं. भाभींनी खालून त्यांच्या सुनेला बोलावून दाखवली.
अण्णा मात्र कोळशासारखे झाले. स्टुडिओने गोरं केलं म्हणून मी रंग चढवतच गेले.
भाभी: "गुस्स्यात रंग लावलाय तुम्ही."
घरी अनिलने या वेळी चेष्टा केली नाही. हळूच म्हणाला, "अण्णा एवढे काळे नव्हते गं." त्याने चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. अण्णांचा खरा रंग मीच विसरले की काय, याची भीती वाटत राहिली दिवसभर.

२३ नोव्हेंबर
नवा कागद. भाभींनी आधी बाहीच वर करायला लावली. "मुलगी कुणाची तुम्ही? हात ठेवा कागदाशेजारी." ठेवला. मनगटावर अण्णाच आहेत की माझ्या. तांबूस मातकट, त्यात निळ्याचा थेंब. पातळ पातळ थर, प्रत्येक थर वाळू देऊन. वाळायची वाट बघताना बाकीच्या तिघींच्या सुना, सासवा, गुडघे सगळं कळलं.

चेहरा आला. खरंच आला.

बनियनला रंग लावायचाच नाही, तो कागदाचाच पांढरा. आपल्या जलरंगांत पांढरा रंग घ्यायचा नसतो, जागा सोडायची असते. एकदा रंग लागला की ते पांढरं परत मिळत नाही.

१ डिसेंबर
आई आली. दात बसवायचेत, तीन-चार दिवस राहील. चित्र कपाटामागे लपवलं. आज दाखवायचा धीर होत नाही. अनिल म्हणतो, बोर्डाच्या परीक्षेला पोरं अशीच दिसतात.

२ डिसेंबर
दाखवलं. आईने आधी चंपी ओळखली. "चंपी हाय ही. रुमाल खाऊन राह्यली. पक्की चोट्टी." मग अण्णांकडे बघितलं. खूप वेळ. पदराने तोंड पुसलं. "अस्सेच बसायचे," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.
आणि मग म्हणाली, "कोट कुठं हाय?"

मी म्हटलं, आई, तो कोट स्टुडिओवाल्याचा.
"मला माहीत न्हाई का? म्याच निवडलाय. दादासंगं गेल्ते ना मी. त्यानं कम्प्युटरवर किती कोट दाखवले. मी म्हणलं निळा लाव, विहारातल्या तसबिरीत हाय तसा."

हळूहळू सगळं सांगितलं. माझ्या लग्नात घालायचा म्हणून अण्णांनी कोटाचं कापड आणलं होतं. चॉकलेटी. रोज संध्याकाळी पेटीतून काढून बघायचे आणि परत ठेवायचे. तेवढ्यात दादाला नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. अण्णांनी कापड उचललं, दादाला घेऊन टेलरकडे गेले आणि त्याच्या मापाचा कोट शिवून आणला. माझ्या लग्नात ते सदऱ्यावरच उभे होते. लग्नाच्या फोटोत आहे तो सदरा. मी कधी विचारलंच नाही.

"दादा तवा म्हणाला होता, पगार झाला की पयला कोट तुम्हाला. ह्यांनी काही शिवू दिला न्हाई. आता कशाला, आता कशाला, असं करत गेले. मंग स्टुडिओत दादा म्हणाला, आई, कोट तर पाह्यजेच."

आणि मी त्याला विचारलं होतं, लाज वाटते का. दादाचा चेहरा समोरून जात नाही. आज काहीच काढलं नाही.

४ डिसेंबर
दादाला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, आईचे दात झाले. मग म्हटलं, "तुझा तो मुलाखतीचा कोट आहे का अजून?"
"पेटीत हाय. काहून?"
"फोटो पाठव ना. नुसत्या कोटाचा."
"आई बोलली वाटतं."
"हो. त्या दिवशी मी वाईट बोलले, दादा."
"जाऊ दे. जेवलीस का?"
फोटो आला. कोट दोरीवर, खाली अर्धी चंपी.

७ डिसेंबर
भाभींना विचारलं, कोट चढवता येईल का आता. त्यांनी बनियनच्या जागेवरून बोट फिरवलं. "कागद कोरा आहे. चढेल. पण लावला तर लावला, मंग पुसता येणार नाही."
मला बनियनमधले अण्णा हवेत. हे अजूनही खरं आहे. आईला कोट हवा. दादाला काय हवंय ते आता कळतंय. दोन्ही एका कागदावर कसं आणू. अनिल म्हणाला, "दोन चित्रं काढ." गणिताच्या बाईला गणित शिकवतो. तो चेहरा पुन्हा येणार नाही माझ्या हातून.

१० डिसेंबर
कोऱ्या कागदावर नुसता कोट काढून बघितला, सरावाला. खांदे बरे आले. चॉकलेटी रंग जमला. मूळ चित्राला हात लावला नाही.

१३ डिसेंबर, गावी
उद्या कार्यक्रम. चित्र तसंच घेऊन आले, छातीवर कोरा कागद. रंगांची डबी आणि ब्रश पिशवीत. काय करायचं ते दादाने ठरवावं, असं बसमध्ये ठरवलं.

दादाने दुपारी कोट पेटीतून काढून अंगणात दोरीवर टाकला होता, वास जावा म्हणून. चंपीने मागच्या पायांवर उभं राहून बाही तोंडात घेतली. दादा ओरडत धावला. एका टोकाला तो, एका टोकाला ती, आई ओसरीवरून "सोड सोड" करतेय, कुणाला ते कळेना. बाही ओली करून सोडली तिने एकदाची. दादा हसत होता. अण्णांसारखाच हसतो, ओठ दाबून. इतकी वर्षं बघतेय, पण हे आज दिसलं.

मग मी चित्र उघडलं. दादा समोर मांडी घालून बसला. कोट मांडीवर, ओली बाही हातात. अण्णांकडे बघत राहिला. एकदा डोळे पुसले, त्याच बाहीने.
मी म्हटलं, "असंच ठेवू, की कोट चढवू? तू सांग. एकदा लावला की निघत नाही."
आई आतून म्हणाली, "चंपीला राहू द्या पण."

मी वाटीत पाणी घेतलं. चॉकलेटी कालवला, कोटाशेजारी धरून बघितला, थोडा निळा टाकला. बरोबर आला. ब्रश भरून घेतला आणि तशीच थांबले.
दादाने कागदाच्या त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं, अगदी हलकं, मग पटकन काढून घेतलं.
"उद्यापर्यंत वाळंल का हे?" म्हणाला.