शेवटच्या थांब्यापर्यंत

व्हेनिस,
१९ नोव्हेंबर १९७३

प्रिय आल्वीझे,

तुझं पत्र पोचलं. मुलांचे फोटो पाहिले. धाकटा तुझ्यावर गेलाय, बिचारा. जर्मनीतली थंडी त्याला मानवते का? इथं परवा पुन्हा पाणी चढलं. तळमजल्यावरच्या बोर्तोलोनं दाराला फळ्या ठोकल्या आणि आत शिरलेलं पाणी आतच कोंडून बसला.

आईचं विचारलंस. सांगते.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मी तिला गाव दाखवायला नेलं. हसू नकोस. शहात्तर वर्षं इथं काढून बाईनं दोजेंचा राजवाडा आतून पाहिला नव्हता. आपल्यातलं कोण जातं तिथं? तिनं ठेवणीतला कोट घातला. दालनांमागून दालनं पाहून झाल्यावर म्हणाली, "एवढा पसारा, पण चूल कुठं दिसेना. हे लोक हवा खाऊन राज्य करायचे का गं?" मग घंटाघरावर गेलो. "घंटांना लिफ्ट," ती म्हणाली, "आणि मला घरी चार जिने." फार खुशीत होती.

परतताना मोठ्या कालव्यातली बोट धरली. आपला थांबा आला, मागे पडला.

"नेरीना, उतरायचं होतं ना?"

"आज शेवटपर्यंत जाऊ, आई."

शेवटच्या थांब्यावर, गावात मोटारी जिथवरच येतात त्या पुलाच्या तोंडाशी, पलीकडच्या मेस्त्रेच्या वृद्धाश्रमाची मोटार उभी होती. मीच बोलावली होती. खरं सांगितलं असतं तर ती उंबऱ्याबाहेर पडली नसती. दोनदा तिनं गॅस उघडा ठेवला होता, मी दिवसभर कामावर, आणि तू लिहिलं होतंस, "तुला योग्य वाटेल ते कर." मोटारीत बसताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आता इथं काय बघायचं?"

तार करायला हवी होती. दोनदा टपालकचेरीत गेले, कागद भरला आणि फाडला. आई गेली, आल्वीझे. सहा तारखेला.

न्याहारीनंतर आश्रमाचं फाटक उघडं दिसलं आणि ती घरी यायला निघाली. रस्त्याच्या मधोमध चालत होती, आपण गल्लीतून चालतो तशी. मागून लॉरी आली. ड्रायव्हर सांगत होता, भोंगा वाजवला तर म्हातारीनं वळूनही पाहिलं नाही. नुसती जराशी बाजूला सरकली. मागून कुणी ओझेवाला आला तर सरकावं तेवढीच.

सान मिकेलेच्या बेटावर पुरलं. बोर्तोलो आणि मी, दोघंच होतो.

तुझ्यावरही राग आहे माझा, पण माझ्यावर आहे त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. सबंध दिवस मी तिला हे बघ, ते बघ करत होते. पुलापलीकडे मोटारी धावतात, रस्त्याच्या कडेनं चालायचं असतं, एवढं सांगायला मात्र मला सुचलं नाही. तिला ते आयुष्यात कधी लागलंच नव्हतं.

जिचा हात तिनं भरवशानं धरला ती,
नेरीना