धड्यातली हाक

नाना,

आधी ताट मांडलं आणि मगच हे लिहायला बसले. वरण-भात, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. तुमचं एक वाक्य मानायला मला पन्नाशी गाठावी लागली, म्हणून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत असाल तर हसा. यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर माझ्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील.

तुम्ही धुळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचात. मीही तेच करते, फक्त माझ्या वर्गात बाकं नाहीत. जळगावच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन उभा करून मी माझ्या हातांचं चित्रण करते, आणि सहावी ते आठवीची मुलं ते आपापल्या घरी बघतात. एक पहूरची, एक एरंडोलचा, बरीचशी पुण्याची, काही थेट नागपूरकडची. चित्र काढून त्याचा फोटो पाठवतात, मी त्यावर शेरा देते. मुलांचा वास नाही, गोंगाट नाही, कुणाच्या पाठीत धपाटा घालता येत नाही. तुम्ही याला शिकवणं म्हटलं नसतंत, मला माहीत आहे. पण पोट यावर चालतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

उन्हाळी शिबिराचा विषय होता जगभरातले सण. चीनचे कंदील झाले, ब्राझीलचे मुखवटे झाले. तिसरा धडा मी गेलेल्या माणसांना घरी बोलावण्याच्या सणांवर बेतला. मेक्सिकोत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे येणाऱ्याला घर सापडतं. जपानात दाराशी छोटा जाळ करतात. शिबिर भरवणाऱ्या संस्थेच्या पुण्याच्या बाई म्हणाल्या, "आपल्याकडचंही एक घ्या ना, अगदी घरचं." मग मी आखाजी घेतली, पुण्याच्या मुलांसाठी अक्षय्य तृतीया म्हणून. लाल घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या. आणि उंबऱ्यावर ओढायची कुंकवाची बोटं, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एकेक, दुसऱ्या हाताने पाण्याची बारीक धार सोडत. मुलांनी चित्रात उंबरा काढायचा आणि त्यावर आपल्या घरातल्या माणसांची बोटं ओढायची, एवढंच काम.

प्रात्यक्षिक दाखवताना मी कागदावर तपकिरी रंगाने उंबरा काढला. लाल रंग कालवला तुमच्या बशीत. तीच, कडेला टवका गेलेली पांढरी बशी, जी मी कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवली होती. रंगात बोट बुडवलं, वाटीतून पाणी सोडलं, आणि बोट ओढताना म्हटलं, "हे माझ्या नानांचं. नाना, या." आवाज छान लागला होता. पहिल्याच खेपेला जमलं म्हणून मी खुशीत चहा करून प्यायले.

त्या वेळी मला तो दिवस आठवायला हवा होता. मी सात-आठ वर्षांची आहे, दुपारची सुट्टी, आई मागे धुणं धुतेय. मी भातुकली मांडलीय आणि देव्हाऱ्यातलं कुंकू आणून उंबऱ्यावर बोटं ओढतेय. तुमच्या आईला हाक मारतेय, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. तुम्ही शाळेतून येता. सायकल भिंतीला टेकवता. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, डावीचं बटण मनगटाशी लावलेलं, कारण रंग भरतो तो हात एकच, मग दुसरी बाही कशाला चुरगाळायची, असा तुमचा हिशोब. तुम्ही उंबऱ्याकडे बघता आणि तुमचा चेहरा उतरतो. मला वाटतं आता मार बसणार. पण तुम्ही हळू आवाजात म्हणता, "हाक मारी ते ताट मांडनं पडस, बेटा. खेयमा बी. त्या बठ्ठा आयकतस." हाक मारली की ताट मांडायचं, खेळातली हाकही गेलेली माणसं ऐकतात. आणि आईला ओल्या हातांनी आत बोलावून भर दुपारी ताट वाढायला लावता. त्या ताटासमोर तुम्ही कितीतरी वेळ बसून होतात. मग उठलात आणि म्हणालात, "उनी व्हती. जेवनी, गयी." मला तेव्हा तुमची भीती वाटली होती, येऊन जेवून गेलेल्या आजीची नाही.

मुलांची चित्रं यायला लागली. एरंडोलच्या मुलाने उंबरा झकास काढला होता, लाकडाच्या रेषांसकट. पण उंबऱ्यापलीकडे, दूर रस्त्यावर, त्याने एक माणूसही काढला होता. मी शेरा दिला, रंगसंगती चांगली, मात्र दोन्ही बाह्या सारख्या काढ. पुढचं चित्र पुण्याच्या एका मुलीचं. तिच्या इमारतीच्या जिन्यात एक माणूस उभा होता. चेहरा नुसता गोल, आत काही नाही. एक बाही वर, एक खाली. मुलं एकमेकांची नक्कल करतात म्हणून मी वैतागले, आणि मग लक्षात आलं की या शिबिरात कुणालाच दुसऱ्याचं चित्र दिसत नाही. ती फक्त माझ्याकडे येतात. तिसऱ्या, पहूरच्या मुलीच्या चित्रात तो माणूस दाराच्या अगदी बाहेर होता. त्याने चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या होत्या.

नाना, मी ते चित्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. बाहीबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. तुमचा फोटोही त्यात नाही. भिंतीवर आहे तो हार घातलेला फोटो छातीपर्यंतचाच आहे, त्यात बाह्या येतच नाहीत. पहूरच्या मुलीला मी शेवटी फोन लावला. तिच्या आईने तो तिच्याकडे दिला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या चित्रातले ते आजोबा कोण गं?

"मले नाही माहीत मॅडम," ती म्हणाली. "तुमचा व्हिडिओ लावला का ते पायरीवर येता. मी आईले म्हटलं, त्याईले पाणी दे. तर आई म्हने, तिथं कोणीच नाही."

तिचा आवाज अगदी साधा होता. घाबरले होते ती मी. आणि मग मला तुमचं ते ताटाचं वाक्य आठवलं. मी तुम्हाला एकदाच हाक मारली नव्हती. ती हाक मी धड्यात घालून ठेवली होती. ज्या ज्या घरी एखादं मूल तो धडा लावत होतं, त्या त्या घरी माझ्या आवाजात तुम्हाला बोलावणं जात होतं, आणि तुम्ही निघत होतात. पहूर, एरंडोल, पुण्याचा चौथा मजला. उन्हातान्हात. चपला काढून उभे राहत होतात आणि कुणी पाण्याचंही विचारत नव्हतं. माझी भीती गेली आणि मला रडू आलं. तुम्ही आयुष्यात कुणाच्या दारात न बोलावता गेला नाहीत, आणि बोलावून उपाशी परत धाडणारी निघाली तुमचीच लेक.

तुमच्या नावाची घागर दरवर्षी आखाजीला सोनगीरजवळच्या आपल्या गावी चुलतभाऊ भरतो, हे मला ठाऊक होतं. तो मुलगा, मी मुलगी, म्हणून मी कधी त्यात पडले नाही. यंदा त्याला फोन करून सांगितलं की मीपण भरणार. तो म्हणाला, "भर ना अक्का. दोन ठिकाने जेवतीन नाना." मी कुंभाराकडून घागर आणली. खरबूज आणलं. सांजोऱ्या तळल्या, त्यातल्या निम्म्या तेलात फुटल्या. फ्लॅटला उंबरा नाही, बिल्डरने सपाट फरशी टाकलीय, म्हणून दाराच्या चौकटीतल्या फरशीवरच खरं कुंकू घेऊन बोट ओढलं. पाण्याची धार सोडली. हाक मारली. बाल्कनीत गोवरी पेटवून तिच्यावर पुरणपोळीचा आणि आमरसाचा घास टाकला, तर शेजारच्या बाई धूर कसला म्हणून डोकावल्या. काहीच घडलं नाही. कुणी आलं नाही, पडदा हलला नाही. मी ताटासमोर बसून राहिले, तुम्ही बसला होतात तशी, आणि घागरीच्या बुडाशी फरशी हळूहळू ओली होत गेली. नवं मडकं पाझरतंच.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बाईंना सांगून मी धड्यातली हाक कापली. "अहो, तोच तर तुकडा मुलांना आवडतो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, घरचं आहे, राहू दे. त्यानंतर आलेल्या चित्रांत नुसते उंबरे होते. पहूरच्या मुलीने नवं चित्र पाठवलं, पायरी रिकामी, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, आजोबा आता येत नाहीत. मी शेरा दिला, तांब्या सुरेख. दुसरं काय देणार?

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि मोठ्याने वाचायचंही नाही. पहिला शब्दच हाक आहे. फडताळात ठेवीन, तुमच्या बशीखाली.

आणि एक सांगायचं राहिलं. धड्यातून कापलेला तुकडा मी पुसलेला नाही. तो माझ्या फोनमध्ये आहे. घर फार शांत झालं की मी तो लावते. आधी ताट मांडते, मगच लावते, एवढं तुमचं ऐकते. कुणी दिसत नाही. भात होता तेवढाच राहतो. फक्त बशीत वाळून खपली धरलेला लाल रंग नंतर ओला असतो, कुणीतरी आत्ताच बोट बुडवल्यासारखा. मी बशी धूत नाही.

वरण निवायला लागलंय. लावते.