फ्यूज आधी खिशात

हैदराबाद, गुरुवार

तीर्थरूप अप्पांना दामिनीचे शरणु शरणार्थी.

विमान कंपनीची परीक्षा पास झाले! आता खरं सांगते. मागच्या महिन्यात 'परीक्षा पुढं ढकलली' म्हणाले होते, ते खोटं होतं. नापास झाले होते. एवढं आईला वाचून दाखवू नका.

निलंग्याच्या दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्तीला आणणारे विचारतात ना, पोरीला पायलटच व्हायचं होतं तर लातूरला चार वर्षं इंजिनिअरिंग कशाला केलं? तर ऐका. परीक्षा जमिनीवरच्या खोट्या विमानात असते. मधेच एक इंजिन बंद पाडतात. मी पडले इंजिनिअर, का बंद पडलं असेल याचाच विचार करत बसले. तेवढ्यात विमान तिरकं होऊन खाली निघालं.

या खेपेला तुम्ही आठवलात. जळका वास आला की तुम्ही कारण शोधत बसत न्हाई. आधी फ्यूज काढून खिशात टाकता, मग मोटार उघडता. मीही आधी विमान सरळ धरलं आणि नीट उतरवलं.

नंतर सरांनी विचारलं, "काय बिघडलं असेल?" मी कागदावर चित्रं काढून सांगत राहिले, त्यांचा चहा पार थंड झाला. म्हणजे इंजिनिअरिंग कामी येतं अप्पा, पण उतरल्यावर.

आईचा गुडघा कसा हाय? तीच फोनवर म्हणाली, परवा घाईत फ्यूज न काढताच तुम्ही मोटारीत हात घातला आणि झटका बसला. ऐकून मला लई भीती वाटली.

मला परीक्षा दुसऱ्यांदा देता आली. तुमच्या दुकानात तशी सोय न्हाई.

तुमची,
दामिनी